चेसी भट्टीत जाण्याआधी पान्याचे काम पुरे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा उलटला की अंबड आणि सातपूरच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये मोटारसायकलच्या चेसी, म्हणजे सांगाडे, दिसू लागतात. इथे विजेने भारलेली रंगाची कोरडी पूड बंदुकीने लोखंडावर उडवतात आणि भट्टीत भाजून तिचा थर पक्का करतात. जुनी गाडी खोलायची, चेसी, चिमटा (मागचे चाक धरणारा भाग), स्टँड, रिमा काळ्याभोर करून आणायच्या आणि मृगाच्या आत गाडी पुन्हा उभी करायची, ही हौस नाशिकात चांगलीच रुजली आहे. हौसेबद्दल तक्रार नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात कोटिंगचे पापुद्रे निघतात, हँडल खेळू लागते, सेल मारला की नुसती टिकटिक होते, आणि सगळा दोष पावडरच्या माथी मारला जातो. पावडर बहुतेक वेळा निर्दोष असते. काय खोलले नाही, काय झाकले नाही आणि काय भट्टीत घालायलाच नको होते, यात काम बिघडते. म्हणून हा पत्रप्रपंच, जरा तपशिलात.

आधी इथल्या शेडची जडणघडण समजून घ्यावी. नाशिकची पावडर कोटिंगची बरीचशी कामे विजेच्या पॅनेलवर आणि स्विचगिअरच्या पेट्यांवर पोसलेली आहेत. सपाट पत्रा, ठरलेला रंग (सीमेन्स ग्रे म्हणतात तो आरएएल रंगसूचीतला ७०३२ किंवा फिकट राखाडी ७०३५) आणि जन्मभर छपराखाली राहणारा माल. अशा मालाला इपॉक्सी आणि पॉलिस्टरची मिश्र पावडर पुरते. धंद्यात तिला नुसते ‘मिक्स’ म्हणतात. ती चिकटते छान, दिसतेही छान, पण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. तीच चेसीवर मारली की काही महिन्यांत चमक उतरते आणि बोट फिरवले की पांढरट भुकटी हाताला लागते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ‘प्युअर पॉलिस्टर’च हवी. शेडमध्ये दोन्हींची खोकी शेजारी शेजारी असतात, दोन्ही काळी, दोन्ही चकचकीत. सांगितले नाही तर जे खोके उघडे असेल ते बंदुकीत जाते. यात लबाडी नसते. पॅनेलच्या कामात हा प्रश्न कधी पडतच नाही.

खोक्यावरचे लेबल मागून वाचावे. पावडरचा प्रकार, भाजायचे तापमान आणि वेळ, उत्पादनाची तारीख, सगळे तिथे छापलेले असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीला गाठी धरतात आणि बंदूक थुंकायला लागते, तेव्हा तारखेकडे बघायला लाजू नये. पैशांचा हिशेबही इथेच लागतो. पावडरची घनता १.५ आणि थर ६० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) धरला तर कागदावर एका किलोत ११ चौरस मीटर निघतात. जाड थर, कोपरे, उडून जाणारा माल धरून निम्मेच निघाले असे समजा. तरी चेसी, चिमटा, स्टँड, टी (पुढचा फोर्क धरणारा भाग) आणि किरकोळ पट्ट्या यांना किलो-दीड किलो पुष्कळ झाली. खर्च असतो तो ब्लास्टिंग (दाण्यांचा मारा करून जुना रंग आणि गंज उडवणे), झाकाझाकी आणि भट्टीच्या इंधनाचा. ‘स्वस्तातली पावडर मारा’ म्हणून घासाघीस करणारा नेमकी चुकीच्या जागी काटकसर करतो.

खोके २० किंवा २५ किलोचे असते. एका गाडीच्या खास रंगासाठी ते कोणी फोडत नाही, तेव्हा शेडमध्ये काळ्या प्युअर पॉलिस्टरचा घाणा कधी लागतो ते विचारून त्या दिवशी माल द्यावा. राखाडीनंतर बूथ, नळ्या आणि बंदूक नीट न झाडता काळा मारला की चेसीवर राखाडी ठिपके उठतात. भट्टीत ते थरात वितळून बसतात, मग कितीही पॉलिश घासा, जात नाहीत. बूथ धुतल्यावर पहिल्या घाण्याला चेसी टांगायला सांगणे हा बिनखर्ची उपाय आहे.

आता खोलण्याकडे. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे तोवरच घट्ट नट हलवून घ्यावेत. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन चढलेली असताना मागचा ब्रेक दाबून सुटतात; चेन काढल्यावर पान्याबरोबर इंजिनच फिरत बसते. दोन्ही अ‍ॅक्सलचे नट, चिमट्याचा पिव्हट नट (चिमटा ज्या बोल्टवर हलतो त्याचा), टीचा वरचा नट आणि इंजिनचे फाउंडेशन बोल्ट पाव-पाव फेरा ढिले करून जागेवरच ठेवावेत. चिमट्याचा पिव्हट बोल्ट जुन्या गाडीत बुशच्या नळीशी गंजून एकजीव झालेला असतो. त्याला आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी नट बोल्टच्या टोकाबरोबर येईल इतका चढवून, त्यावर पितळेचा किंवा लाकडाचा ठोकळा धरून ठोकावे. उघड्या आट्यांवर हातोडी बसली की बोल्ट वाया गेलाच समजा.

बॅटरीची ऋण वायर आधी, मग धन. पेट्रोल पूर्ण काढून टाकी गाडीपासून लांब ठेवायची. सीट, साइड पॅनेल, सायलेन्सर, कार्ब्युरेटर, केबली आणि शेवटी वायरिंग या क्रमाने गेले तर एकमेकांच्या आड येत नाही. वायरिंग उचलण्याआधी ते चेसीच्या कोणत्या बाजूने, टाकीखालून कसे गेले आहे याचे फोटो घ्यावेत. प्रत्येक जोडाला कापडी चिकटपट्टीची चिठ्ठी लावावी, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवावेत. इंजिन उचलण्यात कंबर मोडायची गरज नाही. ऑइल काढून, उरलेली चेसी आडवी करून इंजिन जुन्या टायरवर टेकवावे, फाउंडेशन बोल्ट काढावेत आणि चेसीच वर उचलून घ्यावी. शंभर-सव्वाशे सीसीला हे दोघांत सहज होते. बुलेटच्या जातीच्या इंजिनाला मात्र जॅक आणि तिसरा माणूस हवा.

स्टिअरिंगच्या वाट्यांपाशी बरेच जण चुकतात. टी खाली घेताना जमिनीवर कापड अंथरावे, कारण जुन्या कोनसेटचे (हँडल ज्यावर फिरते त्या वाट्या-छर्ऱ्यांच्या जोडाचे) छर्रे ग्रीसमधून सुटून चारी दिशांना पळतात. वरचे आणि खालचे छर्रे वेगळ्या मापाचे असू शकतात, म्हणून मोजून वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत; नवा सेट आणताना ताडून बघायला कामी येतात. पण चेसीतल्या जुन्या वाट्या लगेच ठोकून काढू नयेत. डिझेलने आणि नंतर साबणाच्या गरम पाण्याने ग्रीस पार धुऊन त्या जागेवरच ठेवाव्यात आणि चेसी तशीच ब्लास्टिंगला द्यावी. वाटीची बैठक आपोआप झाकलेली राहते आणि दाण्यांचा मार जुन्या वाटीवर पडतो. कोटिंग झाल्यावर वाटीच्या कडेने ब्लेड फिरवून थर कापायचा, आतून लांब सळईने आलटून पालटून ठोकत वाटी काढायची आणि कोऱ्या धातूवर नवी दाबून बसवायची. थर न कापता ठोकले तर वाटीबरोबर हेड पाइपच्या (वाट्या बसतात त्या चेसीच्या नळीच्या) तोंडाचा पापुद्राही येतो. आणि बैठकीतच पावडर बसली असेल तर नवी वाटी तिरकी बसते, थर हळूहळू दबतो, कसलेले हँडल काही दिवसांत पुन्हा खेळते.

चिमट्यातले रबरी बुश प्रेसवर काढूनच चिमटा द्यायचा. ‘भट्टीत रबर जळून जाईल, आपोआप निघेल’ असे सांगणारे भेटतात. जळते खरे, पण धुराचे तेल वितळत्या पावडरीवर बसते आणि फक्त तुमचाच नव्हे, भट्टीतला सगळा माल डागाळतो. चेन घासू नये म्हणून चिमट्यावर असलेली नायलॉनची पट्टी, स्टँडचे रबर, स्प्रिंगा, फुटरेस्टच्या पिना, ग्रीस निपल, सगळे उतरवायचे.

भट्टीत मुळीच घालू नये अशा वस्तूंबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे रंग नाही, जीव जातो. शॉकअप जसेच्या तसे टांगणे म्हणजे तेल आणि गॅस भरलेले बंद नळकांडे २०० अंशांना तापवणे होय. गॅसचे शॉकअप फुटते. स्प्रिंग कोट करायची असेल तर दाबयंत्रावर ती सोडवून एकटी द्यावी. पेट्रोलची टाकी रिकामी करून आठवडा झाला तरी तिच्या सांध्यांत वाफ शिल्लक असते, ती भट्टीत जाताच कामा नये. शिवाय जुन्या टाकीचे भोक कधीतरी रांगा झाळून बुजवलेले असते. झाळायचा रांगा १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे पावडर पिकायच्या आधी टाके सुटतात. टाकीला दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगच योग्य. टायर-ट्यूब किंवा बेअरिंगसकट चाक, सील असलेले ब्रेक कॅलिपर, मास्टर सिलिंडर हेही नाही. सायलेन्सरचा पुढचा बेंड पावडर सोसूच शकत नाही. इंजिनापाशी तो भाजायच्या तापमानाच्या कितीतरी वर जातो, त्याला सिलिकॉनचा हीटप्रूफ रंग. अ‍ॅक्सल आणि बोल्ट कोट करण्यात अर्थ नाही, ते झिंक प्लेटिंगला द्यावेत. क्रोम असलेल्या लेगगार्डवर थेट पावडर मारू नये; गुळगुळीत क्रोमला पकड नसते आणि क्रोम सुटले की पावडर त्याच्यासह सुटते.

वेल्डिंग, सरळ करणे, तुटलेला ब्रॅकेट जोडणे, हे सारे कोटिंगच्या आधी. चेसीला तडे कुठे आहेत हे मूळ रंगाखाली दिसत नाही, ब्लास्टिंगनंतर दिसते. म्हणून ब्लास्टिंग झाल्यावर चेसी पुन्हा नजरेखालून घालण्याची अट आधीच घालावी. हेड पाइपच्या गसेटची (सांध्याला बळकटी देणाऱ्या पट्टीची) टोके, मेन स्टँडचे कान, इंजिनचे ब्रॅकेट आणि शॉकअपच्या वरच्या खुंट्या, या चार जागी नख फिरवून बघावे. मडगार्डला लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती पूर्ण काढावी लागते. लांबी वीज वाहत नाही, त्यामुळे तिच्यावर पावडर ओढली जात नाही, आणि भट्टीत ती फुगून तडकते. पत्रा ठोकून सरळ होत नसेल तर ते मडगार्ड रंगाऱ्याकडेच जाऊ द्यावे.

ब्लास्टिंगला रेती वापरत असतील तर माल उचलून आणावा. सिलिकाच्या धुळीने ब्लास्टिंग करणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि शेजारच्या शेडमधला माणूसही तीच हवा ओढतो. लोखंडी चेसीला स्टीलचे दाणे किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना स्टीलचे दाणे नकोत, लोखंडाचे कण रुतून राहतात आणि तिथूनच थराखाली खराबी सुरू होते. पातळ पत्र्याच्या मडगार्डला आणि चेनकव्हरला हवेचा दाब कमी, सुमारे ३ बार, आणि नोझल लांबून धरावे. चेसीच्या दाबाने मारले तर पत्रा पापडासारखा वाकतो. ब्लास्टिंगआधी चेसीच्या नळ्यांची सगळी भोके बुजवावीत. आत गेलेले दाणे नंतर हवेने निघत नाहीत, गाडी चालू लागली की एकेक करत बेअरिंगपाशी येतात.

तेजाबात बुडवून गंज काढण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. पॅनेलच्या कामासाठी सात टाक्यांची रीत आहे: तेल काढणे, पाणी, गंज काढणे, पाणी, फॉस्फेट, पाणी, पॅसिव्हेशन. उघड्या पत्र्याला ती उत्तम. चेसी मात्र पोकळ असते. आम्ल सांध्यांत आणि नळ्यांत शिरते, धुण्याने पूर्ण निघत नाही, आणि भट्टीत तापल्यावर सांध्यातून पाझरून थरावर तपकिरी ओघळ सोडते. चार महिन्यांनी तिथेच फोड येतो. चेसी आणि चिमटा ब्लास्टिंग करून, त्यावर फवाऱ्याने फॉस्फेट देऊन वाळवणे हेच बरे. घरी बादलीत आम्ल आणून गंज काढणारेही आहेत. ते पाणी गटारात ओतले की नंदिनीमार्गे गोदावरीतच जाते, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही.

ब्लास्टिंग झालेले लोखंड उघडे, तहानलेले असते. उन्हाळ्यातही त्याच दिवशी कोटिंग व्हावे, पावसाळ्यात तर काही तासांत. जुलैत रात्रभर ठेवलेल्या चेसीवर सकाळी पिवळसर झाक दिसते. तो गंजच असतो आणि त्यावर मारलेली पावडर त्याच्यासकट सुटते. हाताचे ठसेही लागू नयेत, मोजे घालूनच टांगावे. कॉम्प्रेसरच्या नळीतल्या पाण्याकडे पावसाळ्यात कोणी बघत नाही. बंदुकीच्या हवेत पाणी आले की थरावर बारीक खळगे पडतात. पाण्याचा सापळा दिवसातून एकदा नव्हे, दर घाण्याआधी सोडावा. म्हणूनच आमचे मत असे की हे काम पाडवा ते मृग या काळात उरकावे.

झाकाझाकी हा या कामाचा गाभा, आणि तोच सर्वांत घाईत उरकला जातो. ८० मायक्रॉनचा थर भोकाच्या दोन्ही बाजूंनी बसला की व्यास ०.१६ मिलिमीटरने घटतो. आट्यांत एवढी जागा नसते. एम ६, एम ८, एम १० या सगळ्या आट्यांत सिलिकॉनचे बूच घालावेत. ते नसतील तर जुने निरुपयोगी बोल्ट तोंडाशी आटून द्यावेत. नंतर टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून साफ करता येते, पण टॅप कडेचा थरही उचलतो आणि गंजाला दार उघडते. साधी कागदी मास्किंग टेप भट्टीत जळते आणि तिचा गोंद लोखंडाला चिकटून बसतो. हिरवी पॉलिस्टर टेप लागते.

दोन भाग एकमेकांवर कसले जातात ती प्रत्येक जागा कोरी राहिली पाहिजे: फाउंडेशनच्या कानांच्या आतल्या बाजू, अ‍ॅक्सल बसतो ती चिमट्याची फट, पिव्हटचे भोक, हबवर डिस्क आणि स्प्रॉकेट बसते ती बैठक, फोर्क धरणारी टीची पकड. पावडरचा थर प्लास्टिकच असतो. दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि बोल्टची कस उतरते. बोल्ट ढिला झाला असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात बोल्ट जागच्या जागी असतो, त्याच्याखालचा थर दबलेला असतो. डिस्कच्या बैठकीवर थर राहिला तर तो सगळीकडे सारखा नसतो, डिस्क वाकडी फिरते आणि ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरतो. मागच्या ड्रमच्या आतला, जिथे लायनर घासतात तो भाग झाकायचा हे तर सांगायलाच नको, पण तोही रंगवून आलेला दिसतो.

अर्थिंगचे ठिकाण कोणीच झाकत नाही. चेसीवर वायरिंगची अर्थची वायर जिथे बोल्टने कसते तिथे नाण्याएवढी जागा कोरी हवी, आणि इंजिनचा एक तरी फाउंडेशन बोल्ट कोऱ्या धातूला टेकायला हवा. पावडर वीज अडवते. हॉर्न घोगरा, इंडिकेटर मंद, सेल मारला की टिकटिक, या तिन्ही तक्रारी बहुधा एकाच कोट केलेल्या कानापाशी येऊन थांबतात. झाकायचे राहून गेले असेल तर तेवढी जागा खरवडून, दातेरी वायसर टाकून कसावे आणि वरून ग्रीस लावावे.

आणि चेसी नंबर. अनेक गाड्यांत तो हेड पाइपवर कोरलेला असतो. त्यावर जाड थर बसला की आकडे भरून जातात. पंधरा वर्षे झालेली गाडी नूतनीकरणासाठी पेठ रोडच्या आरटीओत नेली आणि पेन्सिलने नंबरचा ठसा घेताना कागद कोराच निघाला, तर पुढचे स्पष्टीकरण मालकाला द्यावे लागते. मग घाबरून पॉलिश पेपरने नंबर घासणारे आणखी अडचणीत येतात, कारण घासलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो. ब्लास्टिंग आणि कोटिंग या दोन्ही वेळी नंबरवर टेप, नंतर त्यावर ब्रशने पारदर्शक लॅकरचा पातळ हात. टाकीसकट सगळ्या गाडीचा रंग बदलणार असाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. चेसी काळीची काळीच ठेवली तर तो प्रश्न येत नाही.

बंदुकीच्या कामात मालकाने लुडबूड करू नये, पण दोन गोष्टी विचाराव्यात. माल टांगायचा आकडा (हूक) साफ आहे का? मागच्या शंभर घाण्यांची पावडर चढलेल्या आकड्यातून अर्थिंग मिळत नाही आणि पावडर चिकटण्याऐवजी गळते. दुसरे, कोपरे आधी घेणार का? गसेटच्या आतल्या खाचेत आणि दोन नळ्यांच्या बेचक्यात पावडर जातच नाही, ती वाटेतल्या कडांवर ओढली जाते. तिथे व्होल्टेज उतरवून, हवा कमी करून, आधी खाचा भरून मग उघड्या भागावर यावे लागते. व्होल्टेज वाढवले की खाच भरेल हा समज उलटा आहे.

भट्टीच्या काट्यावर दिसते ते हवेचे तापमान. लेबलवर २०० अंशांना १० मिनिटे लिहिलेली असतात ती धातू २०० अंशांना पोचल्यापासूनची. चेनकव्हर पाच-सात मिनिटांत तापते, लोखंडी टी आणि मेन स्टँडला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. सगळे एकाच घाण्यात टांगून एकाच वेळी काढले तर स्टँडवरची पावडर अर्धीकच्ची राहते. दिसायला ती तितकीच चकचकीत असते, आणि पहिला दगड लागला की कवच उडावे तशी उडते. जाड आणि पातळ भाग वेगळ्या घाण्यात द्यावेत.

ओतीव भागांची तऱ्हा निराळी. अ‍ॅल्युमिनियमच्या टीत, फुटरेस्टच्या ब्रॅकेटमध्ये बारीक छिद्रांत हवा आणि जुने तेल अडकलेले असते. भट्टीत ते थर फोडून बाहेर येते आणि टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. असे भाग कोटिंगआधी भाजायच्या तापमानापेक्षा १५-२० अंश वर तासभर रिकामे तापवून घ्यावेत. अ‍ॅलॉय व्हीलला मात्र हा उपाय सढळ हाताने करू नये. उष्णोपचार केलेल्या चाकांची कठिणता साधारण १५० ते १७० अंशांवर मुरवून आणलेली असते. २०० अंशांवर पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ ठेवले की ती उतरत जाते. एकदाच, लेबलवरच्या वेळेत कोटिंग करावे, शक्य असल्यास कमी तापमानाची पावडर घ्यावी. रंग आवडला नाही म्हणून जाळून काढून पुन्हा भट्टीत घालणे म्हणजे चाकाशी खेळ. आऱ्यांच्या चाकात रिम सुटी करूनच द्यावी लागते. निपलच्या भोकाभोवती थर असल्यामुळे आरे काही दिवस ढिले होत राहतात, म्हणून पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर आऊट (चाकाचा वाकडेपणा) पुन्हा काढून घ्यावा.

माल ताब्यात घेताना चमक बघून खूश होऊ नये. चेसीबरोबर त्याच घाण्यात लोखंडी पट्टीचा एक तुकडा टांगायला सांगावे आणि सगळ्या परीक्षा त्याच्यावर घ्याव्यात. जाडीच्या मीटरवर ६० ते १०० मायक्रॉन ठीक; १५० च्या पुढे संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो आणि कडा तडकतात. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारून चौकडी पाडावी, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. एकही चौकोन उठता कामा नये. एमईके या रंग विरघळवणाऱ्या द्रावकात भिजवलेले कापड पन्नास वेळा मागे-पुढे घासावे. कापडाला रंग येऊन थर नखाला मऊ लागला तर पावडर पिकलेली नाही. ती पुन्हा भट्टीत घालून पूर्ण भाजता येते, मात्र गाडी बांधण्याआधी.

बांधताना चेसीच्या नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळावी आणि इंजिन बसेपर्यंत काढू नये. सर्वांत जास्त टवके गॅरेजमध्ये, इंजिन चढवतानाच उडतात. प्रत्येक नटाखाली वायसर, नाहीतर फिरणारा नट थर उकरतो. नळ्यांच्या आत पावडर पोचलेली नसते. सांध्यांजवळच्या भोकांतून गंजरोधक मेण किंवा तेल फवारून चेसी उलटसुलट फिरवावी, मग बूच लावावेत. फाउंडेशन आणि पिव्हट बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकातल्या मापाला कसावेत आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर गार इंजिनावर एकदा पुन्हा तपासावेत. उडालेला टवका पावडरने दुरुस्त होत नाही. तेवढी जागा घासून, इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयूचा हात, तोही त्याच आठवड्यात. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांनी तर त्याच दिवशी. मोरचुदाचे पाणी उघड्या लोखंडाला लागले की तांबे त्याच्यावर बसते आणि गंज थराखालून बोटभर सरकतो. फवारणीचे ड्रम वाहणाऱ्या गाडीला झिंकच्या प्रायमरवर पॉलिस्टर, असे दोन थर घ्यावेत. जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात.

शेडवाल्यांनाही एक विनंती. सध्या चलनावर ‘गाडीचे सुटे भाग, १ नग’ एवढेच लिहिलेले असते, आणि नंतरचे सगळे भांडण त्या एका नगावरून होते. भागांची नावे आणि संख्या, पावडरचा प्रकार आणि रंगाचा क्रमांक, प्रायमर आहे की नाही, कोणत्या जागा कोऱ्या ठेवायच्या आणि ब्लास्टिंगनंतर मालकाला बोलवायचे की नाही, या पाच ओळी चलनावर याव्यात. मालकाने झाकायच्या जागा खडूने खुणावू नयेत, खडू ब्लास्टिंगमध्ये उडतो; चेसीचा फोटो कागदावर छापून त्यावर लाल पेनाने वर्तुळे काढून द्यावीत. आणि चेसी नंबरचा पेन्सिलचा ठसा माल देताना एकदा आणि परत घेताना एकदा, दोन्ही वेळा दोघांच्या समोर घेऊन चलनाला टाचावा.

आपले,
गाड्या खोलण्या-बांधण्याचे आणि पावडर कोटिंगचे काम करणारे काही कारागीर,
अंबड-सातपूर, नाशिक